जॉबरांचा पट्टा

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या शेजारचे जॉबर गेले. ते खाटेवर बसले होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या तेव्हा प्राण गेला होता.

खोटं बोलायची संधी आहे, फायदा आहे, कुणाला कळणार नाही याचीही खात्री आहे, आणि तरीही खोटं बोलत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही आयुष्यात एकदाच खोटं बोलला. त्या एका खोट्याविषयी लिहायचं म्हणून मी गेले काही आठवडे कागद पुढे घेऊन बसतो आहे आणि उठतो आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, बोलणं कमी. जॉबर नेमके उलटे. कुंभारीच्या रस्त्यावर आमची वसाहत झाली तेव्हा आम्ही शेजारी आलो. मधल्या भिंतीला कान लावायची गरज कधी पडली नाही, कारण त्यांच्या घरात काय चाललं आहे ते चौथ्या घरापर्यंत ऐकू येई.

जॉबर म्हणजे माग बसवणारा, बिघडला तर उघडून चालू करणारा कारागीर. आमचे जॉबर आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेले आणि तिथून निवृत्त झाले. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान निम्मे गेले होते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईल इतक्या जोरात ते बोलत, म्हणजे कुजबुजत असले तरी रस्त्यावरची रिक्षा थांबे. "सर, तुमाला म्हणून हळू सांगतो," असं ते ओरडत, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातलं काम थांबवून ऐकत.

कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ती घरात ठेवायची नाही, हा त्यांचा नियम होता. नवा पंखा छताला लागण्याआधी चटईवर सुटा होई. मिक्सर, गॅसची शेगडी, जावयाने आणलेला रेडिओ, सगळ्यांची हीच गत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. जॉबरांनी ते घरी आणलं, उघडलं, आणि गळ्यातला हार तसाच ठेवून स्कूटरवरून परत चिंचोळीला गेले. "मालक, आतली चाकं प्लास्टिकची हाईत. दुकानदारानं तुमाला फसवलं," एवढं सांगून ते परत आले. घड्याळ त्यांनी बदलून मागितलं नाही. मालकाला माहीत असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मालकाला माहीत असावं या आग्रहापायी मालकाची पंचाईतही त्यांनी पुष्कळ केली. एकदा परदेशातून मोठं गिऱ्हाईक आलं होतं. टॉवेलची धुळवड होत नाही, म्हणजे अंग पुसल्यावर तंतू चिकटत नाहीत, असं मालक सांगत होते. जॉबर शेजारी उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण विषय कळला. त्यांनी टॉवेल उचलला आणि पाहुण्याच्या काळ्या कोटाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत खसाखसा पुसली. बाही पांढरी झाली. "दोन धुण्यांनंतर जातंय," ते म्हणाले, "पर आज हाय." मालक आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाहुण्याने माल घेतला, आणि पुढच्या वर्षी आल्यावर पहिल्यांदा जॉबर कुठे आहेत हे विचारलं.

असा हा माणूस सहा वर्षं एका गोष्टीबद्दल गप्प बसला होता. त्या गोष्टीसाठी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी मला स्कूटरवर बसवून थेट पूर्व भागात नेलं. तिथे त्यांच्या एका तेलुगू शिष्याचं आठ मागांचं शेड होतं. सगळे माग चालू होते. जॉबर दारातल्या स्टुलावर बसले, मला शेजारी बसवलं आणि बोलू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या आवाजाला योग्य अशी खाजगी जागा सोलापुरात हीच होती. शेडमधल्या कामगारांना काही ऐकू जात नव्हतं, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता.

"सर, तुमी लग्नाचा माणूस न्हाय, पुस्तकातला माणूस हाय. म्हणून लाज वाटंना. माजं ते बंद पडलंय. शुगर लागल्यापासनं."

ताठरता न येण्याचा हा त्रास मधुमेहाच्या रुग्णांना होतो हे मी वाचलं होतं. त्यांच्या कानाशी वाकून तसं म्हणालो.

"तुमी वाचलाय. हिला कोण सांगणार?"

हिला, म्हणजे वहिनींना. सहा वर्षांपूर्वी वहिनींचं ऑपरेशन झालं होतं. पिशवी काढली. त्या सुमारासच जॉबरांना शुगर लागली आणि हा त्रास सुरू झाला. त्यांनी शरमेने अंग चोरलं, बायकोला काही सांगितलं नाही. वहिनींनी त्याचा अर्थ स्वतःवर घेतला. पिशवी काढलेल्या बाईत नवऱ्याला काय राहिलं, असं ऑपरेशनच्या वेळी भेटायला आलेल्या बायका बोलल्या होत्या. वहिनी अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी शाळेत शिकलेल्या; मनातलं पटकन बोलण्याची सवय नाही. त्यांनी एक दिवस आपली खाट आतल्या खोलीत नेली. जॉबरांनी ती नेऊ दिली. एवढंच.

"तिला वाटतं मी तिला टाकली," जॉबर म्हणाले. "गावभर वरडतो मी, सर. घरात एक वाक्य निघंना."

सात रस्त्याला एक मूत्रविकारांचे डॉक्टर होते. एका कंपनीने नवा पट्टा काढला होता आणि त्याची चाचणी त्यांच्याकडे चालू होणार होती. कमरेला बांधायचा, त्याची एक गादी खाली येते, वीस मिनिटं सौम्य विजेचे झटके देते, रक्त आणि शिरा जाग्या करते, असा सगळा बेत. जॉबरांना तो दवाखान्याच्या भिंतीवरच्या कागदावरून कळला होता. चाचणीत नाव घालायचं तर चौदा पानांचा करार वाचायला हवा, आणि तो इंग्रजीत होता. माझी गरज त्यासाठी होती.

दवाखान्यात गेलो त्या दिवशी बाहेर सात-आठ पुरुष बसले होते. प्रत्येकाच्या तोंडासमोर वर्तमानपत्र. एका गृहस्थाचं पत्र उलटं होतं. आत डॉक्टरांनी दार लावून हळू आवाजात विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" जॉबर म्हणाले, "सहा वर्सं झाली, डॉक्टर! अजिबात उठत न्हाय!" बाहेरची वर्तमानपत्रं एकदम खाली आली असावीत, कारण तशी सळसळ मला आत ऐकू आली. डॉक्टरांनी आणखी हळू विचारलं. जॉबरांनी आणखी जोरात सांगितलं. समोरचा हळू बोलतो म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असा त्यांचा समज होता. अर्ध्या तासाने आम्ही बाहेर आलो. माझी मान खाली होती. तेवढ्यात उलट्या पत्राचा तो गृहस्थ उठून जॉबरांजवळ आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मी तीनदा येऊन परत गेलोय. आज जातो आत." जॉबर म्हणाले, "जावा की. डॉक्टर लई चांगला हाय, जरा कानानं कमी हाय." पुढे डॉक्टरांनी मला सांगितलं, की चाचणीला माणसं मिळत नव्हती, ती त्या आठवड्यात मिळाली.

करार मी त्यांना मराठीत करून सांगितला. निम्म्या लोकांना चालणारा पट्टा मिळेल, निम्म्यांना दिसायला तसाच पण रिकामा. कुणाला कुठला, हे पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मला वाटलं ते चिडतील. ते खूश झाले. "हे बरोबर हाय. इणकर म्हणायचा नवीन सूत तुटतंय. मग मी न सांगता जुनंच सूत लावायचो. तरीबी म्हणायचा, तुटतंय." पण नवव्या कलमाशी आम्ही अडकलो. पट्टा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"कोणत्याही म्हंजे?"

"कोणत्याही."

त्यांनी पेन उचलला, ठेवला, परत उचलला. मग सही केली. घरी आल्यावर संध्याकाळी ते आपली हत्यारांची पेटी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "चार महिने तुमच्याकडं ठिवा. मी मागितली तरी देऊ नका." त्या चार महिन्यांत त्यांनी ती तीनदा मागितली. एकदा नळ दुरुस्त करायचा आहे म्हणाले. मी प्लंबरला बोलावलं.

कराराप्रमाणे बायकोलाही डॉक्टरांसमोर बसवावं लागणार होतं. तिचीही मतं नोंदवायची होती. जॉबरांना खरी धास्ती याचीच होती. वहिनी आल्या, पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, की साखरेने बारीक रक्तवाहिन्या आणि शिरा खराब होतात, हा आजार आहे, याचा मनाशी किंवा बायकोशी संबंध नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे माझ्या ऑपरेशनमुळं न्हाय?"

डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही."

वहिनी जॉबरांकडे वळल्या. त्या त्यांना कानडीतून हाक मारत. "एन्री," त्या म्हणाल्या, अहो म्हणण्यासारखं, "सहा वर्सं तोंडात काय धरून बसला होता?"

जॉबरांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांना आलं होतं.

मग पट्टा घरात आला. वहिनींनी त्याचा कारभार हाती घेतला. मिक्सरच्या प्लगला तो रोज दुपारी चार्जिंगला लागे. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने कमरेला चट्टे उठले, तर आतून लावायला त्यांनी जुन्या टॉवेलची मऊ पट्टी शिवून दिली. जॉबरांनी डॉक्टरांची परवानगी काढल्याशिवाय ती लावली नाही. डॉक्टरांनी शुगरसाठी दोघांना मिळून रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. पूर्वी बाजारात जाताना जॉबर पुढे आणि वहिनी दहा पावलं मागे असत. आता वहिनी शेजारी चालू लागल्या, कारण मागून बोललेलं जॉबरांना ऐकू येत नव्हतं आणि वहिनींना सहा वर्षांचं बोलायचं होतं. चहातली साखर गेली. चाचणीच्या वहीत जॉबर रोज लिहीत: "वीस मिनिटे बांधला. फरक नाही." सही. दुसऱ्या दिवशी: "वीस मिनिटे बांधला. फरक नाही. घाम." सही. मी ती वही पाहिली आहे. बाकीच्या पेशंटांनी पहिल्याच आठवड्यात "छान" लिहिलं होतं, असं डॉक्टर हसून म्हणाले.

सहाव्या आठवड्यात वहीत आलं: "फरक आहे." पुढे काही नाही. त्याच सुमारास आतल्या खोलीतली खाट बाहेर आली. ती मी हात लावून बाहेर काढली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आतल्या खोलीत गरम लई होतंय," आणि तोंड फिरवून हसल्या. त्यांनी त्या दिवशी मला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली. देताना म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय हो. आजारच होता तो. मशीननं गेला." आजारच होता, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

पुढच्या आठवड्यात जॉबर मला पुन्हा मागांच्या शेडवर घेऊन गेले.

"सर, पट्टा रिकामा हाय."

"उघडलात?"

"तुमची शपत, न्हाय. हाताला कळतं. यंत्र काम करतंय म्हटल्यावर वीस मिनिटांत ऊन व्हायला पायजे. हे थंड ते थंड. नुसतं गुर्रर करतंय. लोडच न्हाय त्याच्यावर." त्यांनी समोरच्या चालत्या मागाच्या मोटारीवर माझा हात नेऊन ठेवला. मोटार गरम होती. "हे बघा. हे काम."

"मग फरक?"

"फरक हाय की."

"मग कशाने?"

"मला काय ठावं? शुगर उतरली. चालणं झालं. ही बोलाय लागली." त्यांनी मोटारीवरचा माझा हात बाजूला केला. "ते डॉक्टरनं शोधावं. माजं काम नोंद करायचं. पर सर, हिला कळालं तर? ती म्हणती, आजार होता, मशीननं बरा केला. मशीन रिकामं हाय म्हटलं की ती काय म्हणंल? आजार नव्हताच. तुमचं मनच नव्हतं सहा वर्सं. परत खाट आत."

सल्ला त्यांनी मागितला नाही.

शेवटच्या भेटीला आम्ही तिघे गेलो होतो. सगळे प्रश्न झाल्यावर डॉक्टरांनी फॉर्मचं शेवटचं पान पुढे केलं आणि कराराप्रमाणे विचारलं, "तुम्हाला कुठला पट्टा मिळाला होता असं वाटतं? चालणारा की रिकामा?" वहिनी शेजारी बसल्या होत्या. जॉबरांनी पेन घेतला. पेशंटांनी भरायचा हा फॉर्म मराठीत होता; तो वहिनींना चटकन वाचता येत नव्हता आणि चष्मा त्यांनी आणला नव्हता. जॉबरांनी "रिकामा" या शब्दापुढे खूण केली, खाली "हाताला थंड लागतो" असं कारण लिहिलं, सही केली आणि कागद डॉक्टरांकडे सरकवला. डॉक्टरांनी तो वाचून वर पाहिलं. तेव्हा जॉबर, बाहेर बसलेल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एकदम चालू पट्टा होता, डॉक्टर! लई काम केलं त्यानं!"

कागदावर खरं राहिलं. टॉवेलवाल्या मालकासमोर, परदेशी गिऱ्हाइकासमोर जो माणूस कधी वाकला नाही, तो तिथे बायकोसमोर वाकला, आणि मला तो त्या दिवसाइतका मोठा कधी वाटला नव्हता.

चाचणीचा निकाल लागल्यावर डॉक्टरांनी त्यांचा अंदाज बरोबर असल्याचं त्यांना एकट्याला बोलावून सांगितलं. रिकामे पट्टे मिळालेल्यांना आता चालणारे द्यायचे होते. जॉबर म्हणाले, "नको. हाच असू द्या." डॉक्टरांनी कंपनीला विचारून तो त्यांच्याकडेच ठेवू दिला. त्यानंतर दोन वर्षं वहिनी तो रोज दुपारी चार्जिंगला लावत आणि जॉबर रोज संध्याकाळी फिरून आल्यावर वीस मिनिटं बांधून बसत. हत्यारांची पेटी मी त्यांना केव्हाच परत केली होती. पण तो पट्टा त्यांनी शेवटपर्यंत उघडला नाही. मी एकदा म्हटलं, आता करार संपला, उघडायला हरकत नाही. ते म्हणाले, "आत काय हाय ते मला ठावं हाय. उघडून काय बघायचं?"

दिवसकार्य झाल्यावर आठ दिवसांनी वहिनी माझ्याकडे आल्या. हातात धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला पट्टा होता. मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"भाऊजी, हा त्या डॉक्टरांकडं देऊन या. कुणाला तरी उपयोग होईल. ह्यांच्यासारखं कुणी बसलं असंल तोंड मिटून. वाया नको जायला."

मी पट्टा हातात घेतला. हो म्हणून ठेवून घेतला असता, तर प्रश्न मिटला असता. पण वहिनी उद्या विचारतील, कुणाला दिला, त्याला गुण आला का. आणि मग मला एकामागून एक रचत जावं लागेल. शिवाय न चालणारी वस्तू चालते म्हणून कुणाच्या तरी घरी पोचवायची, आणि तीही जॉबरांच्या नावाने, हे माझ्याने होईना.

"वहिनी," मी म्हणालो, "हा चालत नाही. कधीच चालत नव्हता. निम्म्या लोकांना रिकामे दिले होते, त्यातला हा आहे. जॉबरांना माहीत होतं. तुम्हाला कळू नये म्हणून ते बांधत होते."

मला वाटलं त्या रडतील, किंवा मी काय केलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल. त्यांनी फक्त विचारलं, "पहिल्यापासनं रिकामा?"

"पहिल्यापासून."

"त्या सहाव्या आठवड्यातबी?"

"हो."

"म्हंजे ते मशीनचं नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातून पट्टा परत घेतला, टॉवेल नीट गुंडाळला. "आमचंच होतं की."

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "दोन वर्सं रोज लाईट जाळली मी त्याच्यावर. एक शब्द बोलले न्हाईत बघा." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. जॉबरांवर काही लिहावं असं मनात आहे, असं मी त्यांना नंतर सांगितलं. म्हणाल्या, "लिवा. सगळं लिवा. नाव तेवढं घालू नका."

नाव घातलेलं नाही. वहिनी शेजारच्या घरात एकट्या राहतात. संध्याकाळी अर्धा तास चालून येतात. पट्टा त्यांच्या कपाटात आहे. तो आता कुणी चार्जिंगला लावत नाही.